सूचनावहीतली मराठी

सोमवारी प्रार्थना संपून मुले वर्गात गेली, की सातवीतला एखादा मुलगा कापडी बांधणीची जाड वही छातीशी धरून वर्गावर्गांतून फिरे. शाळेला शिपाई नव्हता, त्यामुळे हा मान मुलांना आळीपाळीने मिळे. शिक्षक हातातला खडू ठेवून वही वाचत, सही करत आणि मुलगा पुढच्या दारात जाऊन उभा राही. ही सूचनावही. कोणी तिला नोटीस बुक म्हणे, कोणी नुसते मेमो. खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांमध्ये माझी नोकरी झाली. बरीच वर्षे मी या वहीत सही करणारी होते आणि शेवटची 11 वर्षे तिच्यात लिहिणारी. त्या अकरा वर्षांत मराठी कशी लिहू नये हे मला जितके कळले, तितके डी.एड.च्या वर्गातही कळले नव्हते.

आपल्या वार्षिकांकात कवितेवर लेख येतात, बोलींवर येतात, ते यावेतच. पण आठवड्याच्या सूचना हाही एक लेखनप्रकार आहे आणि त्याचा अभ्यास कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. आपल्यासारख्या ठिकाणी तर तो करायला एक खास कारण आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद इथल्या मराठी माणसाची कचेरीची भाषा आता मराठी नाही. घरात मराठी आहे, देवळात आहे, नाटकात आहे. पण एका प्रौढ माणसाने दुसऱ्या प्रौढ माणसाला मराठीत काम नेमून द्यावे, त्याची मुदत सांगावी आणि त्याने ते वाचून सही करावी, असे जिथे घडते अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. मराठी शाळेची सूचनावही ही त्यांतली एक. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याच्या सोयींबद्दल बोलते. मुलांना शिकवणाऱ्यांनी आपसांत कोणत्या भाषेत काम करावे, याबद्दल ते काही बोलत नाही. ते शाळेच्या सवयीवर सोडलेले आहे.

पहिली ते पाचवीपर्यंत आमच्याकडे एका वर्गाला बहुधा एकच शिक्षक. त्याचा वर्ग, त्याची मुले, त्याचे हजेरीपुस्तक. त्याला सांगायचे ते तोंडी सांगितले तरी भागते. सहावीपासून चित्र बदलते. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. म्हणजे एकाच मुलाचे गुण चौघांकडे, त्याचा आधार क्रमांक पाचव्याकडे आणि त्याच्या जेवणाची नोंद सहाव्याकडे. 'शिक्षकांनी माहिती द्यावी' असे वाक्य चौथीच्या वर्गाला पुरते, सातवीच्या वर्गाला पुरत नाही. विषयशिक्षकाने की वर्गशिक्षकाने, हे सांगावेच लागते.

ते न सांगितल्याने काय होते, हे मी माझ्याच हाताने अनुभवले आहे. शाळेला आठवीचा वर्ग जोडून मिळाला होता. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48,000. विटभट्टीवर काम करणाऱ्या घरात ही रक्कम मुलीचे शिक्षण चालू राहते की थांबते, हे ठरवते. मी वहीत लिहिले होते : 'एनएमएमएस परीक्षेस पात्र विद्यार्थ्यांची माहिती संबंधित शिक्षकांकडून विहित मुदतीत सादर करण्यात यावी.' सातही शिक्षकांनी सह्या केल्या. वर्गशिक्षकांना वाटले, गणिताचे सर या परीक्षेचे जादा तास घेतात, तेच माहिती देतील. गणिताच्या सरांना वाटले, आधार, बँक खाते, नाडकचेरीतला उत्पन्नाचा दाखला हे सगळे वर्गशिक्षकांच्या फायलीत आहे, तेच देतील. दोघेही कामाचे शिक्षक. कोणी चुकार नव्हते. मुदत गेली. आठवड्याने एका मुलीने येऊन विचारले, "बाई, माझा फॉर्म गेला का?"

त्या रात्री मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. त्यात व्याकरणाची चूक नव्हती, शुद्धलेखनाची नव्हती. अगदी कचेरीत शोभावे असे वाक्य होते. पण त्यात माणूस नव्हता आणि तारीखही नव्हती. 'संबंधित' हा शब्द वाचणाऱ्या प्रत्येकाला तो दुसऱ्याबद्दल आहे असे वाटते.

आता थोडे व्याकरण. 'सादर करण्यात यावी', 'कळविण्यात येते', 'पत्रके वाटण्यात आली' ही रचना शालेय व्याकरणात नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी या नावाने येते. ती मराठीत रुळली ती बरीचशी इंग्रजी कारभाराच्या धाटणीने, आणि तिचा उपयोग आहे. कर्ता कोण हे महत्त्वाचे नसते तेव्हा ती नेमकी बसते. 'पावसामुळे स्नेहसंमेलन पुढे ढकलण्यात आले आहे.' कोणी ढकलले याच्याशी कोणाला कर्तव्य नाही. पण सूचनेचे सगळे कामच कर्त्याशी असते. तिथे ही रचना वापरली की कर्ता वाक्यातून गळतो, किंवा 'कडून' लावून दारामागे उभा राहतो.

मराठीकडे याहून चांगली सोय पूर्वीपासून आहे. ती म्हणजे विध्यर्थ. 'वर्गशिक्षकांनी यादी द्यावी.' कर्ता तृतीयेत, वाक्यात सर्वांत आधी. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. 'वर्गशिक्षकांनी दाखले तपासावेत', 'वर्गशिक्षकांनी पालकांना बोलवावे'. यादी, दाखले, पालक बदलले तरी 'वर्गशिक्षकांनी' जागचा हलत नाही. काम कोणाचे हे झाकायचे असेल, तर लिहिणाऱ्याला ते मुद्दाम गाळावे लागते.

या विध्यर्थाची दुसरी खुबी अदबीची आहे. आमच्या शाळांमध्ये मुख्याध्यापक वयाने सर्वांत मोठा असतोच असे नाही. मी वहीत लिहू लागले तेव्हा माझ्या हाताखाली म्हणावे असे दोन गुरुजी मला शाळेत शिकवणाऱ्यांच्या वयाचे होते. त्यांना 'यादी द्या' असे लिहायला हात धजेना. तोंडी 'गुरुजी, यादी द्या हं' म्हटले तर आवाजातच मान असतो, कागदावर तो उतरत नाही. 'यादी देणे' हा फायलीतला रूक्षपणा. त्यात समोरचा माणूसच नाही, नुसते काम आहे. 'यादी देण्याची कृपा करावी' म्हटले तर मुख्याध्यापक याचक होतो आणि ठरलेले काम उपकार होऊन बसते. 'यादी द्यावी लागेल' यात धमकीचा वास येतो. 'यादी द्यावी' मात्र हुकूमही नाही आणि विनवणीही नाही. थोरल्यांना चालते, धाकट्यांना चालते. 'यादी द्यायची आहे' हेही चांगले, काम सर्वांचे मिळून असेल तेव्हा. या पाच-सहा रूपांतले अंतर कळणे हे मराठी लिहिणाऱ्याचे काम आहे, आणि डी.एड.च्या मुलांना प्रयोग शिकवताना 'रामाने रावण मारला' ऐवजी ही वाक्ये दिली तर त्यांना नोकरीत उपयोग तरी होईल.

मग आम्ही 'करण्यात यावी' का लिहितो? एक कारण म्हणजे ते भारदस्त वाटते. दुसरे खास आमच्याकडचे. बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. त्या काळी व्हर्नाक्युलर फायनल होऊन लागलेल्या शिक्षकांना खात्याचा कागद मराठीत मिळे. आता परिपत्रक कन्नडमध्ये येते. त्यात गैर काही नाही, राज्याची ती भाषा आहे आणि आम्हा सर्वांना ती वाचता येते. पण बीईओ कार्यालयातून सकाळी आलेला कागद प्रार्थनेआधी मराठीत उतरवायचा, तर मुख्याध्यापक तो शब्दास शब्द ठेवून उतरवतो. कचेरीच्या कन्नडचा कल कर्ता लपवण्याकडे असतो, कारण तो कागद शेकडो शाळांना एकदम लिहिलेला असतो. तिथे 'संबंधित' ठीक आहे. जिल्ह्याला कसे माहीत असणार की आमच्याकडे जादा तास कोण घेते? तो तपशील मुख्याध्यापकालाच ठाऊक असतो आणि तो घालणे हेच त्याचे काम. कागद शाळेच्या दारातून आत येताना नुसती भाषा बदलून पुरत नाही.

कन्नड-मराठी कचेरीच्या शब्दांची गंमत इथे सांगायला हवी, कारण सोपेपणा आणि घोटाळा दोन्ही तिथेच आहेत. कन्नडमध्ये माहिती म्हणजे माहितीच. रजेला 'रजे', तपासणीला 'तपासणे', तातडीच्या कामाला 'तुर्तु', जबाबदारीला 'जवाब्दारी'. अहवालाला 'वरदी' म्हणतात. आमचे शिक्षक सर्रास 'वरदी पाठवली का?' असे मराठीतच विचारतात, आणि मराठीतही वर्दी देणे म्हणजे खबर देणे, त्यामुळे कानाला खटकत नाही. परिपत्रकाला कन्नड शब्द आहे 'सुत्तोले'. सुत्तु म्हणजे फेरा, ओले म्हणजे ताडपत्रावरचे पत्र. फिरत जाणारे पान. स्मरणपत्राला 'नेनपोले', आठवणीचे पान. हे शब्द मला आमच्या परिपत्रक-स्मरणपत्रापेक्षा जास्त आवडतात, हे कबूल करते.

घोटाळा होतो तो दिसायला सारख्या शब्दांत. करोनानंतर 2022-23 मध्ये 'कलिका चेतरिके' नावाचा कार्यक्रम आला. कलिका म्हणजे तिथे शिकणे. मागे पडलेले शिकणे भरून काढणे असा त्याचा अर्थ. देवनागरीत तसेच लिहिले तर मराठी वाचणाऱ्याला फुलाची कळी दिसते. 'अवसर' म्हणजे कन्नडमध्ये घाई, मराठीत संधी किंवा सवड. 'अभ्यास' म्हणजे तिथे सराव किंवा सवय. असे शब्द नुसते लिपी बदलून वहीत आले, की वाचणारा मराठी समजून वाचतो आणि भलतेच समजतो. कार्यक्रमाचे नाव नाव म्हणून राहू द्यावे, आणि पुढे एका वाक्यात काय करायचे ते मराठीत लिहावे. 'कलिका चेतरिकेची पुस्तके' म्हणण्यापेक्षा 'मागील इयत्तेचा राहिलेला भाग भरून काढण्याची पुस्तके' हे लांब आहे, पण पालकांच्या सभेतही तेच वाक्य वाचून दाखवता येते.

यावर प्रतिशब्द घडवणे हा आपल्या लोकांचा जुना उपाय. शिवाजी महाराजांच्या काळचा राज्यव्यवहारकोश सर्वांना माहीत आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1931 मध्ये शासनव्यवहारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी-गुजरातीसह अनेक भाषांतले प्रतिशब्द देणारा कोश काढवला. ज्या संस्थानाने 1906 मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले, त्याला शाळेचा कारभार लोकांच्या भाषेत हवा असणे साहजिकच होते. या कामाचे मोल मोठे आहे. पण माझा अनुभव असा, की शाळेतली सूचना शब्दामुळे क्वचित अडते. 'स्टाफ मीटिंग' लिहिले काय आणि 'शिक्षकसभा' लिहिले काय, सगळे येतात. अडते ते कोणी आणि केव्हा या दोन गोष्टींवर.

'केव्हा'चे तर मराठीत फारच सांभाळावे लागते. 'परवा' मागचाही आणि पुढचाही. 'आठ दिवसांत' म्हणजे आपल्या बोलण्यात आठवडा. सोमवारी सांगितले तर पुढचा सोमवार. नवीन लागलेल्या शिक्षिकेने मात्र दिवस मोजले आणि मंगळवारी कागद आणला. तिचे काय चुकले? 'येत्या शुक्रवारी' आणि 'पुढच्या शुक्रवारी' हे एकच की वेगळे, यावर आमच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीभर वाद झालेला आहे. 'शुक्रवारपर्यंत' यात शुक्रवार धरायचा का? बहुतेक धरतात, पण कागद बीईओ कार्यालयात शुक्रवारी सकाळीच पोचवायचा असेल, तर तो गुरुवारीच हातात यायला हवा. 'लवकरात लवकर' आणि 'त्वरित' या शब्दांना तर काहीच मोजमाप नाही. मी पुढे एकच नियम ठेवला. वार, तारीख आणि वेळ, तिन्ही लिहायचे. 'गुरुवार, दि. 10, दुपारी 4 वाजेपर्यंत'. वार आणि तारीख जुळली नाही तर कोणीतरी लगेच येऊन सांगते, हा त्यातला फायदा.

काही सूचनांमध्ये शब्द चुकला तर परिणाम मुलाच्या पोटावर होतो. दर सोमवारी लोहाच्या गोळ्या देतात. पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळी. गुलाबी गोळीत 45 मिलिग्रॅम लोह असते आणि निळीत 60. पहिली ते सातवीच्या शाळेत दोन्ही डबे एकाच कपाटात असतात. 'सोमवारी गोळ्या देण्यात याव्यात' या वाक्यात रंग नाही, वर्ग नाही आणि 'जेवणानंतर' हा सर्वांत महत्त्वाचा शब्द नाही. उपाशीपोटी दिली तर मुलांना मळमळते. एकदा मळमळले की पुढच्या सोमवारी ती गोळी खिडकीबाहेर जाते. 'वर्गशिक्षकांनी दुपारच्या जेवणानंतर, आपल्यासमोर, पाचवीपर्यंत गुलाबी व सहावीपासून निळी गोळी द्यावी.' एवढ्या वाक्यात सगळे येते.

आता स्मरणाबद्दल. सूचना पहिल्यांदा सांगते, स्मरण दुसऱ्यांदा. आणि दुसऱ्यांदा सांगताना लिहिणाऱ्याचा राग शाईत उतरतो. 'वारंवार सूचना देऊनही काही शिक्षक अद्याप...' हे वाक्य प्रत्येक शाळेच्या वहीत सापडेल. त्यातला 'काही' फार वाईट. ज्यांनी काम केले त्यांना वाटते आपल्यालाही त्यात धरले. ज्यांनी केले नाही त्यांना वाटते आपण एकटे नाही. आमच्या एका वयस्क गुरुजींनी, मी असे लिहिल्यावर, सही करण्याआधी वही माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि एवढेच म्हटले, "बाई, माझी यादी गेल्या मंगळवारीच तुमच्याकडे आहे." मला मान वर करवेना. त्यानंतर स्मरण लिहिताना आधी झालेल्या कामाची नोंद करू लागले : 'सहावी अ, सहावी ब आणि सातवीच्या याद्या मिळाल्या. आठवीची यादी बुधवार, दि. 9, दुपारी 4 पर्यंत द्यावी.' यात कोणाला रागावलेले नाही आणि कोणाची यादी राहिली तेही स्पष्ट आहे. ज्याच्याशी खरेच बोलायचे आहे त्याला वेगळे बोलवावे. सगळी शाळा सही करते त्या वहीतून एका माणसाला बोलू नये.

वहीचा आकारही पाहावा. कायद्याने शिक्षकाचा आठवडा तयारीसह 45 तासांचा धरला आहे, आणि सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवस व 1000 तास अध्यापन व्हायला हवे. जनगणना, निवडणूक, आपत्तीतली मदत हे त्याच कायद्याने मान्य केलेले अपवाद, आणि तेही आमच्या वाट्याला येतात. तास चालू असताना शिक्षक ही वही वाचतो. पानभर सूचना असेल तर चाळीस मुले पानभर थांबतात. म्हणून एका आठवड्याला एक पान, आणि त्यातही ज्यात आठवड्यात कोणाला काही करायचे नाही ते लिहायचे नाही.

अलीकडे वही मागे पडून फोनवरचा गट आला आहे. त्याचा फायदा मी नाकारत नाही. पावसाळ्यात नदीला पाणी आले की शाळा बंदची खबर वहीने कशी देणार? पण तिथे मुख्याध्यापक कन्नड परिपत्रकाचा फोटो टाकतो, खाली रोमन अक्षरांत 'sarvani baghave' या थाटाचे दोन शब्द लिहितो आणि सात अंगठे येतात. तो फोटो मराठीत उतरवण्याचे काम आता कोणीच करत नाही. जो तो आपल्यापुरता अर्थ लावतो. वहीत निदान एक माणूस रोज थोडे कामकाजाचे मराठी लिहीत होता आणि सात माणसे ते वाचत होती. गटावर टाकायचे असेल तरी आधी वहीत लिहून त्या पानाचा फोटो टाकावा. एवढे केले तर दोन्ही साधते.

जुन्या वह्या टाकू नयेत, हेही इथेच सांगते. एका शाळेत कपाटाच्या तळाशी मला अशी एक वही सापडली. 'कळविण्यांत येतें कीं' असे अनुस्वार होते, म्हणजे 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची सवय असलेला हात. शाईला पाणी लागून अर्धी पाने गेली होती. उरलेल्यांत पटावरची मुले, गळकी कौले, वर्गणी, तपासनीसांची भेट, सगळे होते. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला याहून खात्रीचा कागद मिळणे कठीण.

शेवटी, विद्यार्थ्यांना सरावासाठी म्हणून आठवड्याच्या सूचनेचा एक नमुना देते. वर्गात आधी 'करण्यात यावे'च्या भाषेत हेच लिहून घ्यावे आणि मग दोन्ही ताडून पाहावे.

'सोमवार, दि. 7 जुलै ते शनिवार, दि. 12 जुलै.

आज दुपारच्या जेवणानंतर वर्गशिक्षकांनी लोहाच्या गोळ्या आपल्यासमोर द्याव्यात. पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळी. आजारी मुलाला देऊ नये. त्याचे नाव मला कळवावे.

आठवीच्या वर्गशिक्षकांनी प्रत्येक मुलाचे आधारवरील नाव व शाळेच्या दाखल्यावरील नाव जुळते का ते पाहावे. न जुळणारी नावे बुधवार, दि. 9, दुपारी 4 पर्यंत माझ्याकडे द्यावीत. उत्पन्नाचा दाखला कोणाकडे नाही, ते गणिताच्या शिक्षकांनी जादा तासाला मुलांना विचारून त्याच यादीत लिहावे.

गुरुवार, दि. 10, दुपारी 4 वाजता शिक्षकसभा आहे. विषय एकच : सहावीतल्या ज्या मुलांना अजून वाचता येत नाही, त्यांच्यासाठी कोणता तास काढायचा. भाषेच्या शिक्षकांनी अशा मुलांची नावे सोबत आणावीत.

सहावी व सातवीच्या मराठीच्या वह्या तपासून मिळाल्या. विज्ञानाच्या वह्या शुक्रवारी पाहायच्या आहेत.

शनिवारी शाळा सकाळची आहे.'

खाली प्रत्येकाचे नाव छापील असावे आणि सही नावासमोर, म्हणजे कोणाची राहिली ते दिसते. रजेवर असलेल्याच्या नावापुढे रजा असे लिहून जागा मोकळी ठेवावी. तो आल्यावर वही पुन्हा त्याच्या वर्गात पाठवावी, आणि ती नेणाऱ्या मुलाला सांगावे, की सर वाचून सही करेपर्यंत दारातच थांब.